दिल्ली–हानेदा थेट विमान: जाताना पावणेआठ तास, येताना पावणेदहा

आईचं वय ७२. दोन्ही गुडघे झिजलेले, तासभर एका जागी बसली की उठताना हात द्यावा लागतो. धाकट्या भावाला नोव्हेंबरात मुलगी झाली आणि आईने एकच धोशा लावला, मला टोकियोला ने. म्हणून जानेवारीत आम्ही दोघी पुण्याहून दिल्लीला आणि तिथून जपान एअरलाइन्सच्या थेट विमानाने टोकियोच्या हानेदा विमानतळावर गेलो. तीन आठवडे राहून त्याच वाटेने परत आलो. आई-वडिलांना जपानला न्यायचंय असे माझ्या ओळखीत बरेच जण आहेत. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

मी गेली अठरा वर्षं पुण्यात जपानी दुभाषीचं काम करते. चाकण, रांजणगावचे कारखाने, कधी महिना-दीड महिना जपान. आतापर्यंतचे माझे बहुतेक प्रवास मुंबई–बँकॉक–टोकियो असे झाले, कारण तिकीट कंपनी काढायची आणि कंपनीला ते स्वस्त पडायचं. मुंबई ते टोकियो सरळ अंतर ६,७०० किलोमीटरच्या आसपास आहे. बँकॉकवरून गेलं की तेच साडेसात हजारांच्या वर जातं, आणि शिवाय मध्यरात्री बँकॉकला उतरून, पुन्हा तपासणी करून, दुसऱ्या विमानाची वाट बघत बसायचं. तिशीत ते चालून गेलं. आईला त्या लांबलचक सरकत्या पट्ट्यांवरून रात्री दोन वाजता चालवत नेणं मला मान्य नव्हतं. थेट विमानाला माणशी चौदा हजार रुपये जास्त पडले, ते मी दिले. पुन्हा द्यायची वेळ आली तरी देईन.

आता अंतराचं. तिकीट शोधताना एका संकेतस्थळावर दिसलं: दिल्ली ते टोकियो ५,८६० किलोमीटर, विमानाचा वेळ ७ तास. शहरं उलटी टाकली, टोकियो ते दिल्ली, तरी तेच ७ तास. अंतराचा आकडा बरोबर आहे, वेळेचा आकडा नुसता भागाकार आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमधली सगळ्यात जवळची वाट मोजायची आणि एका ठरलेल्या वेगाने भागायचं, एवढंच ही संकेतस्थळं करतात. तिकीट हातात आलं तेव्हा त्यावरचा हिशोब वेगळा निघाला. दिल्लीहून संध्याकाळी साडेसातच्या सुमारास निघून दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला हानेदा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, तो फरक वजा केला की पावणेआठ तास. परतीचं विमान हानेदाहून सकाळी अकराच्या आधी निघून दिल्लीला संध्याकाळी पाचच्या सुमारास. यात साडेतीन तास मिळवले की पावणेदहा. यात धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याचा वेळही धरलेला असतो, पण तो दोन्हीकडे धरलेला असतो. म्हणजे एकाच रस्त्याला जाताना आणि येताना दोन तासांचा फरक.

हे मला कामाच्या प्रवासांमुळे माहीत होतं. पण गुडघेदुखीच्या माणसाला घेऊन जाताना हे दोन तास फार मोठे असतात. औषधांच्या वेळा, किती वेळा उठवून चालवायचं, कुठली सीट घ्यायची, हे सगळं मी परतीचा प्रवास धरून आखलं.

आई बँकेत कॅशियर होती. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण प्रत्येक प्रवासाची तिची एक वही असते. एसटीने सांगलीला जायचो तेव्हापासूनची सवय: कुठून निघालो, किती वाजता, किती किलोमीटर, वाटेत चहा कुठे घेतला. या वेळी मी तिला समोरच्या पडद्यावरचा नकाशा लावून दिला, तिथे विमानाचा जमिनीवरचा वेग, उंची, बाहेरचं तापमान सगळं येत असतं. तिने चष्मा लावला, पेन काढलं आणि कामाला लागली.

दिल्लीहून सुटल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो खरंच महत्त्वाचा होता. "अगं, हे खालून खालून का चाललंय? जपान तर वर आहे ना?" नकाशावर विमान लखनऊ, पाटणा करत पूर्वेला सरकत होतं. सरळ रेघ काढली तर दिल्लीहून ईशान्येला, हिमालय ओलांडून तिबेटवरूनच जायला हवं. पण तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला काही मिनिटांत तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरच्या मास्कमधला प्राणवायू थोडाच वेळ पुरतो. तिबेटवर खाली यायला जागाच नाही, तिथे तीन हजार मीटरवर डोंगर आहे. म्हणून विमान हिमालयाच्या पायथ्याने बांगलादेश, म्यानमारकडून वळसा घालून कुनमिंगवरून चीनमध्ये शिरतं आणि मग शांघायकडून समुद्र ओलांडून जपान. कागदावरचे ५,८६० किलोमीटर प्रत्यक्षात सहा हजारांच्या वर जातात ते या वळशामुळे.

विमान बोइंग ७८७. इथे जपान एअरलाइन्सची मनापासून स्तुती करायची आहे. याच जातीच्या विमानात बहुतेक कंपन्या साध्या वर्गात एका रांगेत नऊ खुर्च्या बसवतात, तीन-तीन-तीन. यांनी आठच बसवल्यात, दोन-चार-दोन. खुर्ची रुंद होते हा एक फायदा. आम्हाला मोठा फायदा दुसराच झाला: खिडकीशी आई, तिच्या शेजारी मी आणि पलीकडे थेट मोकळी वाट. तिला उठायचं तर कुणा तिसऱ्याला उठवायचं नाही. म्हाताऱ्या माणसांना "एक्सक्यूज मी" म्हणत अनोळखी माणसाला झोपेतून उठवायचा इतका संकोच वाटतो की ती तहान लागली तरी पाणी पीत नाहीत, मग पाय सुजतात. आई जाताना तीनदा आणि येताना पाचदा उठली, आणि प्रत्येक वेळी स्वतःहून उठली. पाय ठेवायलाही समोर चांगली जागा होती, तिने गुडघा सरळ करून बघितला आणि पसंतीची मान हलवली.

७८७ ची आणखी एक गोष्ट. आतला दाब साधारण १,८०० मीटर उंचीवर असतो तसा ठेवतात, जुन्या विमानांत तो २,४०० मीटरच्या आसपासचा असतो. महाबळेश्वरपेक्षा थोडं वर गेल्यासारखं म्हणा. आईचं डोकं दुखलं नाही, घसाही कोरडा पडला नाही. खिडकीला झडप नाही, खाली बटण आहे, ते दाबलं की काच हळूहळू निळी होत जाते. ती बराच वेळ त्याच्याशी खेळत होती.

जेवण आधी सांगून ठेवावं लागतं, निदान दोन दिवस आधी सांगा. आपल्या शाकाहारी जेवणाचा संकेत 'एव्हीएमएल', जैन जेवणाचा 'व्हीजेएमएल'. 'व्हीजीएमएल' चुकून निवडू नका, त्यात दूध-दहीसुद्धा नसतं. आईला छोले, जिरा भात, एक सुकी भाजी आणि फळं आली. खास जेवणं सगळ्यांच्या आधी वाढतात. ताट समोर आलं तरी आई हात आवरून बसलेली. "सगळ्यांना वाढून होऊ दे की." मी वाढणाऱ्या मुलीला जपानीत कारण सांगितलं. ती आईच्या खुर्चीपाशी खाली बसली, डोळ्याला डोळा भिडेल इतकी खाली, आणि मला म्हणाली, "ओकासामांना सांगा, गरम आहे तोवर जेवावं." दुसऱ्याच्या आईला जपानीत 'ओकासामा' म्हणतात, 'मातोश्री' म्हणावं तसं. मी आईला तो शब्द समजावून सांगितला. तिने वहीत लिहून घेतला आणि मग जेवायला सुरुवात केली.

रात्र मात्र फार छोटी. जेवणं उरकून दिवे मंद होईपर्यंत आपले दहा वाजतात, आणि टोकियोत जानेवारीत सूर्य पावणेसात-सातला उगवतो म्हणजे आपल्या पहाटेच्या सव्वातीनला. त्याआधीच नाश्त्यासाठी दिवे लागतात. चार तास झोप मिळाली तर खूप. पोचल्याच्या दिवशी काहीही ठरवू नका, सरळ घरी जाऊन झोपा.

समुद्र ओलांडून क्युशूच्या, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडच्या मोठ्या बेटाच्या, जवळ आलो तेव्हा आईने मला कोपराने ढोसून जागं केलं. पडद्यावर वेग १,१३२ किलोमीटर. "मघाशी ९०० होता. हा वाढवतोय का?" वैमानिक काही वाढवत नव्हता. मागून वारा लागला होता.

हानेदा मला नारितापेक्षा नेहमीच आवडतं. नारिता हा टोकियोचा दुसरा विमानतळ, शहरापासून साठेक किलोमीटर लांब, हानेदा शहरातच. भाऊ टोकियोतल्या निशी-कासाई भागात राहतो. २००० सालच्या आसपास भारतीय संगणक अभियंते तिथे राहायला लागले, आता स्टेशनबाहेर तूरडाळ मिळते आणि मराठीही कानावर पडतं. हानेदाच्या तिसऱ्या टर्मिनलवरून केईक्यू रेल्वेची गाडी पकडायची, ती पुढे आसाकुसा या भुयारी मार्गावर जाते. निहोनबाशीला उतरून तोझाई मार्ग, तिथून सहावं स्टेशन निशी-कासाई. एकच गाडी बदलायची आणि लिफ्ट सगळीकडे. भाऊ टॅक्सी करणार होता, आईनेच रेल्वे म्हटलं. व्हीलचेअर आधी कळवून ठेवली होती, तिचे वेगळे पैसे नाहीत. विमानाच्या दारापासून बाहेर येईपर्यंत एक मुलगी आमच्यासोबत होती. कस्टमचा क्यूआर कोड घरूनच भरून आणा, वेळ वाचतो. आणि ओला कढीपत्ता, फळं, मिरच्या पिशवीत ठेवू नका, चालत नाहीत. डिंकाचे लाडू गेले, सगळेच्या सगळे.

तीन आठवडे नातीत कसे गेले ते इथे लिहीत नाही.

परतीचा प्रवास हा या मार्गाचा खरा कस आहे. मी उजवीकडची खिडकी घेतली होती, 'के' सीट. हानेदाहून पश्चिमेला निघताना आकाश स्वच्छ असेल तर उजव्या हाताला फुजी दिसतो, आणि जानेवारीत आकाश बहुतेक स्वच्छ असतं. उड्डाणानंतर थोड्याच वेळात तो आला. पांढराशुभ्र, आणि शिखरावरून बर्फाची एक बारीक झालर पूर्वेकडे उडत होती. आई म्हणाली, "पदर उडतोय." मी तिला तो पदर कुठल्या दिशेला उडतोय ते बघायला सांगितलं. आम्ही चाललो होतो त्याच्या बरोबर उलट.

मग पडद्यावरचा वेग: ६९४. जाताना याच भागात ११३२ होता. आईने वहीतलं मागचं पान उघडून दोन आकडे एकाखाली एक लिहिले. "पृथ्वी फिरते म्हणून का?" असं पुष्कळांना वाटतं. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमानही, त्यामुळे नुसत्या फिरण्याने काही होत नाही. हा वारा आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी एक अरुंद, जोरकस नदीच म्हणा. हिवाळ्यात सैबेरियावरची हवा गारठलेली आणि दक्षिणेला समुद्रावरची उबदार, या तफावतीतून तिला जोर येतो. हिमालय-तिबेटला अडून तिचे दोन फाटे होतात आणि पूर्वेला जाऊन पुन्हा मिळतात, म्हणून जपानवर ती जगात सगळ्यात जोरात वाहते. तासाला तीनशे किलोमीटरच्या वरही जाते.

आईचं माहेर सांगलीचं. हरिपूरच्या संगमावर लहानपणी होडीत बसलेली बाई. ती लगेच म्हणाली, "म्हणजे चढत्या पाण्यात होडी उलटी न्यायची." अगदी तेच.

या वाऱ्याची एक हकिकत मला फार प्रिय आहे, ती मी तिला तिथेच सांगितली. तो पहिल्यांदा नीट मोजला तो जपानमध्येच. वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ टोकियोजवळ तातेनोच्या वेधशाळेत १९२० च्या दशकात फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढायचे. हिवाळ्यात फुगे वर गेले की पूर्वेकडे भन्नाट वेगाने पळतात हे त्यांनी पुन्हा पुन्हा मोजून लिहिलं. जगाला कळावं म्हणून १९२६ मध्ये त्यांनी तो अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला, सगळ्या देशांची समाईक भाषा व्हावी म्हणून तयार केलेली ती भाषा. पण ती वाचणारे फार थोडे होते आणि अहवाल बाहेरच्या जगापर्यंत जवळपास पोचलाच नाही. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं टोकियोवर आली तेव्हा या वाऱ्यात सापडली आणि मग सगळ्यांचं लक्ष गेलं. मी भाषांतरावर पोट भरते, त्यामुळे त्या अहवालाची आठवण आली की मला चुटपूट लागते. एवढं मोलाचं मोजमाप, आणि केवळ भाषेमुळे पडून राहिलं.

आईचं लक्ष मात्र हिशोबात. तिचं म्हणणं, जाताना वाऱ्याने जेवढं दिलं तेवढंच येताना घेतलं, म्हणजे फिटंफाट. मी तिला सोपे आकडे दिले. अंतर ६,००० किलोमीटर, विमानाचा वेग ९००, वारा १५०. वारा नसता तर एका बाजूला ६ तास ४० मिनिटं, जाऊन-येऊन १३ तास २० मिनिटं. आता वारा धर. जाताना १,०५० चा वेग, ५ तास ४३ मिनिटं. येताना ७५०, पूर्ण ८ तास. बेरीज १३ तास ४३ मिनिटं. तिने दोनदा करून पाहिली. तेवीस मिनिटं तोट्यात. "कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो," ती स्वतःच म्हणाली, आणि तेवीसच्या खाली दोन रेघा मारल्या.

या पावणेदहा तासांत सूर्य मावळतच नाही, आपण त्याच्या मागे मागे जात असतो. निशी-कासाईला सकाळी उजेड झाला तेव्हापासून दिल्लीत सूर्य बुडेपर्यंत चौदा तासांच्या वर दिवस, तोही जानेवारीत. झोप येत नाही, म्हणून गोळ्या घड्याळाकडे न बघता तासांच्या अंतराने दिल्या. सहाव्या तासाला गुडघे कुरकुरायला लागले. मागच्या बाजूला, स्वयंपाकघराशेजारी उभं राहायला थोडी जागा असते, तिथे उभं राहून दोघींनी टाचा वर-खाली केल्या. तिथल्या मुलीने काही न विचारता पाणी आणून दिलं आणि आईसाठी बाजूला जागा केली.

तक्रार आहे ती पुणे–दिल्ली टप्प्याची. ते तिकीट आम्ही एका एजंटाकडून वेगळं काढलं, आणि "सामान थेट टोकियोला जाईल" असं त्याने ठामपणे सांगितलं. गेलं नाही. जपानच्या तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, देशातल्या तिकिटावर १५ किलो. पुण्याच्या काउंटरवर जादा वजनाचे पैसे भरले, दिल्लीला सगळ्या बॅगा उतरवून घेतल्या आणि पुन्हा चढवल्या. वर देशातलं विमान धुक्यामुळे दोन तास उशिरा सुटलं आणि पहिल्या टर्मिनलला उतरलं. आमचं पुढचं तिसऱ्यावरून. दोन्ही टर्मिनलं एकमेकांना लागून नाहीत, मध्ये गाडीने जावं लागतं. हातात साडेसहा तास ठेवले होते म्हणून निभावलं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला सकाळचं धुकं असतंच, एवढा वेळ ठेवाच. आणि शक्य असेल तर पुण्यापासूनचं सगळं एकाच तिकिटावर काढा: बॅगा पुण्यात दिल्या की हानेदालाच घ्यायच्या, आणि पहिल्या विमानाच्या उशिराने पुढचं चुकलं तर त्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही.

ऑगस्टमध्ये भावजयीची आई जाणार आहे, याच विमानाने. तेव्हा तिकडे उन्हाळा, उन्हाळ्यात हा वारा मंदावतो आणि उत्तरेला सरकतो, त्यामुळे परतीला इतका वेळ लागू नये. आईने तिला वहीची दोन कोरी पानं रेघा मारून, रकाने आखून दिलीत. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, क्युशूवरचा वेग. "येतानाचा आकडा विसरू नका," असं फोनवर दोनदा बजावून झालंय.